हवा अंदाजाने नव्हे, आकड्याने भरावी

आज ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका पेट्रोल पंपावर माझ्या भाचीने हवा भरणाऱ्याला स्पष्ट सांगितले, "दादा, पुढे 22, मागे 29 पीएसआय." (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचे एकक.) त्याने मान डोलावली, दोन्ही चाकांत 40 भरले आणि वर ऐकवले, "ताई, पावसाळ्यात कडक हवाच बरी." मी मागेच माझ्या स्कूटरवर होतो. त्याला जादा हवा काढायला लावेपर्यंत मी तिथून हललो नाही.

संताप येतो तो याच वाक्याचा. टायर गरजेपेक्षा कडक झाला की त्याचा मधलाच पट्टा रस्त्याला टेकतो, पकड कमी होते, आणि कापूरबावडीच्या ओल्या वळणावर पुढचे चाक निसटले तर सावरायला वेळ मिळत नाही. स्कूटरचे इंजिन मागे असते, बसणाऱ्याचा भारही बराचसा मागेच येतो. म्हणून पुढच्या चाकाला कमी हवा लागते. भाचीने सांगितलेले आकडे तिच्या स्कूटरच्या माहितीपुस्तिकेतलेच होते. मागे कोणी बसणार असेल तर तीच पुस्तिका मागच्या चाकात 36 भरायला सांगते, त्यामुळे जास्त हवा नेहमीच चूक असते असे नाही, हे मान्य. पण 40 कुठून आले? टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, रोज भरायचा नव्हे.

कमी हवाही तितकीच वाईट. टायरच्या बाजू दबत राहतात, तो तापतो, कडा झिजतात आणि खड्ड्यात रिमला मार बसतो. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरमध्ये खिळा रुतला तरी हवा सावकाश उतरते, त्यामुळे नुसत्या नजरेला किंवा अंगठ्याला ते कळत नाही.

त्या मुलावर मी आवाज चढवला नाही. दिवसभर उन्हापावसात उभे राहणाऱ्याला हे कोणी शिकवलेच नसेल, तर दोष पंप चालवणाऱ्यांचा आहे. मोफत हवा देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. मग ती योग्य मापाने का देऊ नये?

तुमच्या घरातल्या मुलींना, आईला, वडिलांना त्यांच्या गाडीचे आकडे कागदावर लिहून द्या. हवेचा दाब मोजणारा साधा गेज काही शे रुपयांत मिळतो. सकाळी गाडी काढण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजा. धावून तापलेला टायर दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतो, ती हवा काढू नका.