‘हो, बघतो’ची किंमत

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर महिन्या-दोन महिन्यांनी तोच वाद पेटतो. एक जण लिहितो, ‘आपली पोरं नाही म्हणत नाहीत, म्हणून परदेशी टीमचा आपल्यावर विश्वास बसत नाही.’ दुसरा उसळतो, ‘त्यांना बोलायची रीत नाही, त्याचं काय?’ नेदरलँड्समध्ये अकरा वर्षं काढल्यावर मला दोघांचंही अर्धंच पटतं.

पहिल्या वर्षातली गोष्ट. बुधवारी टीमलीडने विचारलं, शुक्रवारपर्यंत टेस्टिंग होईल? मी आपलं ‘हो, बघतो’ इंग्रजीत सांगून टाकलं. माझ्या लेखी त्याचा अर्थ, अवघड आहे पण जीव तोडून करीन. त्याने ‘हो’ तेवढं ऐकलं आणि ग्राहकाला तारीख कळवली. शुक्रवारी काम अर्धं. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, ‘बुधवारी तुला माहीत होतं?’

माहीत होतं.

पुढे कित्येक महिने नियोजनाच्या तक्त्यात माझ्या तारखेत तो दोन दिवस गुपचूप वाढवायचा. ते दोन दिवस मला ओरडा खाण्यापेक्षा जास्त लागले. उलट त्याने एकदा आठ जणांसमोर माझं डिझाइन मोडीत काढलं, तेव्हा हा माझ्या वाईटावर आहे असं मी धरून चाललो. तासाभराने तोच स्वतःचा अडलेला कोड घेऊन माझ्याकडे आला!

हा फरक रक्तातला नसतो, असं माझं मत. डच संशोधक हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ दरम्यान आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून घेतलेल्या उत्तरांवरून वरिष्ठ-कनिष्ठांतल्या अंतराचा निर्देशांक काढला. भारत ७७, नेदरलँड्स ३८. एकाच कंपनीतली, पन्नास वर्षांपूर्वीची माणसं, तेव्हा आकडे ब्रह्मवाक्य नव्हेत. पण जिथे पगारवाढ आणि रजा एकाच साहेबाच्या मर्जीवर असते, तिथे ‘नाही’ महाग पडतं, हे कळायला निर्देशांक कशाला हवा? इथे मी दोनदा भीत भीत ‘जमणार नाही’ म्हटलं, काही बिघडलं नाही, तिसऱ्यांदा भीती गेली. तिकडे मात्र पोरांना ठामपणे बोलायच्या कार्यशाळेला पाठवतात. पाठवायचं तर साहेबांना पाठवा.

इथलं सगळं गोड आहे असंही नाही. शेजारच्या टेबलावरच्याच्या शब्दावर मी डोळे मिटून तारीख देईन, पण त्याला मुलं किती, हे मला सहा वर्षांनी कळलं. तिकडच्या जुन्या टीममधले दोघे रात्री दोनला फोन उचलतील. तारीख मात्र त्यांच्या भरवशावर नाही देणार.

गेल्या महिन्यात इंडोनेशियाहून एक मुलगी आमच्यात आली. पहिल्याच बैठकीत तिचं हसून ‘येस, येस’. ते मी लगेच ओळखलं. ‘होईल का?’ हा प्रश्न सोडून मी विचारलं, ‘यात काय काय आडवं येईल?’ तिने तीन गोष्टी सांगितल्या. तिसरी आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती.