अक्षर नीट मोडण्याची कला

गणपती तोंडावर आलेत आणि मंडळाचा फ्लेक्स तुमच्या गळ्यात पडलाय. का, तर तुमच्याकडे लॅपटॉप आहे आणि त्यात कुठून तरी आलेलं फोटोशॉप आहे. मुंबईत एवढी पात्रता पुरते. लालबागपासून दहिसरपर्यंत याच पात्रतेवर दरवर्षी मराठी भाषा खांबाखांबाला टांगली जाते.

सगळ्यात आधी, सेटिंग्जच्या वाटेला जाऊ नका. तुमच्याकडे असतं तसल्या जुन्या फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात भारतीय लिप्यांची अक्षरं मांडणारं इंजिन निवडायची सोय असते. पानं मांडायच्या इनडिझाईनमध्ये त्याच कामासाठी परिच्छेदाच्या मेन्यूत वर्ल्ड-रेडी कंपोझर आहे. ते निवडलं की वेलांटी, रफार, जोडाक्षरं मुकाट्यानं आपापल्या जागी बसतात. मग तुमचं असं काय उरलं त्यात? तेव्हा ते बंदच असू द्या आणि ‘अभिनंदन’ टाइप करून बघा. युनिकोडच्या, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या, नियमाने आधी भ साठवला जातो, नंतर त्याची वेलांटी. दाखवताना ती उचलून भच्या डावीकडे आणायची असते, हे तेव्हा चालू असलेल्या साध्या इंजिनाला कुणी सांगितलेलं नसतं. ते बिचारं तिला आहे तिथेच ठेवतं, ती पुढच्या नच्या डोक्यावर जाऊन बसते आणि ‘अभनिंदन’ तयार होतं. याच न्यायाने ‘विकास’चा ‘वकिास’ होतो. विकासाबद्दल इतका प्रामाणिक फलक मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

फॉन्ट निवडताना डोकं लावू नका. मुंबईतच आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवलेल्या र. कृ. जोशींनी ‘मंगल’ घडवला, ‘एक टाइप’वाल्यांनी ‘मुक्ता’ घडवून फुकट वापरायला दिला. पण फुकट मिळालेल्या वस्तूला कोण विचारतो? आणि समजा घेतलाच ‘मुक्ता’, तर त्यातलं ठळक वळण वापरू नका. साधंच घ्या, वरून कृत्रिम बोल्ड चढवा, मग थोडं तिरकं करा, मग आडवं ताणा. पोटफोड्या षचं पोट खरोखर फुटेपर्यंत ताणा.

भाऊंचं नाव रुंदीला कमी पडतंय? अक्षरांमधलं अंतर वाढवा. इंग्रजीला ते शोभतं, तिथली अक्षरं मुळातच सुटी. आपली अक्षरं शिरोरेषेला धरून असतात, विरार लोकलच्या दांडीला लोंबकळल्यासारखी. अंतर वाढवलं की दांडीचेच तुकडे होतात आणि प्रत्येक अक्षर आपापला तुकडा हातात घेऊन उभं राहतं. उलट ओळींमधलं अंतर मात्र होईल तेवढं कमी करा. वरच्या ओळीतल्या ‘पूजन’चा ऊकार खालच्या ‘कार्यकर्ते’च्या रफारात अडकला पाहिजे. एकी दिसते.

आता सोनेरी रंग, लाल किनार, काळी सावली. याबद्दल काय सांगणार, ते उपजतच असतं तुमच्यात.

शेवटी सगळ्या मजकुराचं कर्व्ह करा. म्हणजे अक्षरं अक्षरं राहत नाहीत, नुसत्या आकृत्या होतात. छापणाऱ्याकडे फॉन्ट नसला तरी चालतं. हे झालं शहाणपण. त्यातली गंमत साधायची असेल तर प्रूफ वाचण्याआधी कर्व्ह करा आणि मूळ फाइल त्याच नावाने सेव्ह करून टाका.

गेल्या वर्षी मी स्वतः एका डीटीपीवाल्याकडे ‘अभनिंदन’वर बोट ठेवून उभा होतो. मुलगा गुणी होता. त्याने स्क्रीन मोठी केली, बराच वेळ पाहिलं, म्हणाला, “काका, कर्व्ह झालंय.” आजार पुढे गेलाय म्हणतात, त्या आवाजात. तरी त्याने प्रयत्न केला. वेलांटी कापून काढली, भच्या शेजारी नेऊन चिकटवली. तिची कमान अर्धवट राहिली आणि नच्या डोक्यावर एक अनाथ टिंब उरलं. मी म्हटलं, ते अनुस्वाराचं आहे, राहू दे. तर तोवर त्याने ते डिलीट केलेलं.

फ्लेक्स लागला. दुसऱ्या दिवशी मंडळातून तक्रार आलीच. खालच्या रांगेत डावीकडून तिसरा फोटो बाकीच्यांपेक्षा लहान दिसत होता.