शंकेची पाल सीटखाली

पावसाळ्यात ठाणेकराला सकाळी उठल्या उठल्या दोन गोष्टींची चौकशी करावी लागते. वंदना डेपोपाशी पाणी भरलंय का, आणि गाडी चालू होतेय का. पहिलीची बातमी होते, दुसरीची वरात.

त्या रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी मोटरसायकल अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात होती. सकाळी पाणी ओसरलं, जाताना गाडीखाली एक लेडीज चप्पल ठेवून गेलं. मी सीट पुसली, चावी फिरवली. मीटर उजळला, पेट्रोलचा पंप नेहमीसारखा 'ऊंऽऽ' करून गप्प झाला. बटण दाबलं. टक. पुन्हा दाबलं. टक टक टक टक. शंकेची पाल मनात चुकचुकते म्हणतात, माझी सीटखाली चुकचुकत होती.

वडिलांच्या बजाज स्कूटरचं बरं होतं. रुसली की तिला कडेवर घेतल्यासारखी तिरकी करायची, सरळ करायची, मग किक. माझ्या गाडीला किकच नाही. शोरूममध्ये मला ते कौतुकाने सांगितलं होतं आणि मीही कौतुकाने ऐकलं होतं.

बंद गाडीजवळून गप्प निघून जाणारा माणूस आमच्या सोसायटीत अजून राहायला आलेला नाही. दुसऱ्या मजल्यावरचे काका दुधाची पिशवी घेऊन थांबले. "किल स्विच बघितलास?" म्हणजे हँडलवरचा, इंजिन बंद करायचा. बघितला होता. पेपरवाल्यानेही तेच विचारलं. शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या पाचवीतल्या मुलानेही. त्याला मी पुन्हा बघून दाखवला. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी भाजीच्या पिशवीला दोरी बांधून वरून हेअर ड्रायर सोडला. मग एक्स्टेन्शन बोर्ड आला, स्पार्क प्लगची कॅप काढून पंधरा मिनिटं वाळवणं झालं. अगदीच अडाणीपणा नव्हता तो. प्लगच्या खड्ड्यात पाणी साचतं, ते बाहेर जायचं बारीक भोक चिखलाने बुजतं आणि ठिणगी प्लगपर्यंत पोचत नाही. पण तेव्हा इंजिन गरगर फिरतं आणि पेटत नाही. माझं मुळात फिरतच नव्हतं. हातात हेअर ड्रायर असला की असले फरक सुचत नाहीत.

शेवटी धक्का. गेटच्या उतारावर दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वॉचमन आणि काका मागे. क्लच सोडला, गाडी हिसका देऊन सुरू झाली. पुढचे चार दिवस असेच गेले. वागळे इस्टेटला ऑफिसात पोचेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही, हा एकच नियम. तीन हात नाक्याच्या सिग्नलला मी ॲक्सिलरेटर पिळत उभा राहायचो, शेजारच्याला वाटायचं शर्यत लावतोय. पेट्रोल पंपावर मात्र बंद करावीच लागते. तिथल्या पोराने पैसे घेतले, सुट्टे दिले आणि न सांगता मागे जाऊन ढकलायला उभा राहिला.

काकांनी निकाल दिला : बॅटरी. मी ती काढली आणि मांडीवर घेऊन रिक्षाने दुकानात गेलो. दुकानदाराने दोन टोकांना क्षणभर वायर टेकवली, ठिणगी बघितली आणि ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येणाऱ्या डॉक्टरसारखी मान हलवली. "गेली, साहेब." जुनी देऊन नवी, सोळाशे रुपये. जुनीवर मी घेतल्याची तारीख काळ्या मार्करने लिहिली होती. ती काउंटरमागे जाताना उगाच वाईट वाटलं.

नवी बसवली. बटण दाबलं. टक टक टक टक.

ऑफिसात मेंटेनन्सचा एक दादा आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं, किल स्विचचं विचारलं नाही, तिथेच मला तो आवडला. व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर हातात दिला. "बॅटरीला लावा आणि बटण दाबताना आकडा किती पडतो बघा. नुसता उभ्या गाडीवरचा आकडा बघून काही कळत नाही."

घरी आलो. बायको बटणावर, मी मीटरवर. आधी १२.७ व्होल्ट. दाब. १२.६. पुन्हा दाब. १२.६. चांगली बॅटरीसुद्धा स्टार्टर फिरवताना दहा-अकरापर्यंत वाकते, साडेनऊच्या खाली गेली तर ती थकलेली. माझी वाकलीच नाही, म्हणजे तिच्यातून काही निघतच नव्हतं. घोडबंदरला पुढे ट्रेलर आडवा झाला की मागच्या सगळ्या गाड्या धडधाकट असतात, हलत कोणीच नाही, तसं. हॉर्नला चिमूटभर करंट पुरतो, तो गल्लीबोळातून जातो. स्टार्टरला हमरस्ता लागतो.

मग मीटरची लाल पिन तिथेच ठेवून काळी तेवढी बॅटरीवरून काढून इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवली. दाब. १२.७ वरून धाडकन ३. म्हणजे बॅटरी आणि इंजिन यांच्यामधली वाट तुंबलेली. अर्थिंग!

बॅटरीची काळी वायर साइड पॅनलमागून उतरून इंजिनाला एका बोल्टने जोडलेली होती. बोल्ट दिसत नव्हता. त्यावर पांढरं-हिरवं काहीतरी फुललं होतं, तुरटीत शेवाळ कालवल्यासारखं. दहा नंबरचा पाना घेतला. बॅटरीची वायर काढताना आधी निगेटिव्ह काढायची आणि लावताना ती शेवटी लावायची, नाहीतर पॉझिटिव्ह खोलताना पाना चॅसीला लागून ठिणगी उडते. हे मला आता पक्कं ठाऊक आहे, माझ्या पान्याला तिथे एक छोटा खड्डा पडलाय.

दहा रुपयांचा पॉलिश पेपर, एक जुना टूथब्रश (तो जुना नव्हता, हे रात्री कळलं), तांब्याचा रंग दिसेपर्यंत घासणं, बोल्ट घट्ट, वरून बायकोच्या ड्रेसिंग टेबलवरची पेट्रोलियम जेली. बटण. एका दमात सुरू. मीटर १४.२ दाखवत होता, म्हणजे चार्जिंगही ठणठणीत. आवाज ऐकून काका खिडकीत आले. "म्हटलं नव्हतं? बॅटरीच होती!"

परवा त्याच दुकानावरून जात होतो. धो धो पाऊस, समोर एक बंद स्कूटर, मालक छत्री धरून उभा. दुकानदाराने आतून एक बॅटरी आणली, लाल-काळे चिमटे लावले, "मारा सेल्फ" म्हणाला. स्कूटर पहिल्या फटक्यात सुरू झाली. बॅटरीवर काळ्या मार्करने तारीख लिहिलेली होती. अक्षर माझं.