उशाशी चोर

सकाळी डोळे उघडले की मला ओळीने अकरा शिंका येतात. दहावीनंतर मी रुमाल धरून बसून राहतो, कारण अकरावी यायचीच असते.

घरच्यांनी गुन्हेगार केव्हाच पकडला होता : शेंगदाणे. कधीतरी मूठभर खाऊन मी शिंकलो, तेवढ्यावर ते सहा वर्षं तडीपार. खरी शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर घसा सुजू शकतो, श्वास अडू शकतो, जिवावरही बेतू शकतं. मला नुसत्या शिंका! मग संशय दुधावर गेला. दूध न पचणं म्हणजे दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी पडणं, ती ॲलर्जी नव्हेच. पण ऐकतो कोण?

अखेर त्वचेची चाचणी केली. हातावर पेनाने आकडे, प्रत्येक आकड्यापाशी एक थेंब, थेंबातून सुईची हलकी टोच. आणि पंधरा मिनिटं खाजवायचं नाही. ‘खाजवू नका’ म्हटलं की कुठे कुठे खाजतं, हे सांगण्यासारखं नाही.

तेवढ्यात डॉक्टरांनी कारण सांगितलं. शरीराचा पहारेकरी एखाद्या निरुपद्रवी वस्तूवर उगाच डूख धरतो. पहिल्या भेटीत काहीच होत नाही. आतल्या आत तिच्या नावाचं आयजीई नावाचं प्रतिपिंड तयार होतं आणि मास्ट पेशींवर दबा धरून बसतं. पुढे ती वस्तू दिसली की त्या पेशी हिस्टमिन नावाचं रसायन ओततात, आणि आपलं नाक गळतं. म्हणजे दोरीला साप समजून झोडपायचं, आणि वळ आपल्याच अंगावर!

पंधरा मिनिटांनी एक टपोरी गांध उठली. मी विजयाने विचारलं, "हाच ना शेंगदाणा?"

"ते हिस्टमिनच. ते सगळ्यांचंच फुगतं. चाचणी नीट झाली की नाही, हे कळायला टोचतो."

शेंगदाण्याची जागा सपाट. दुधाचीही. शेजारी दुसरी गांध मात्र होती : डस्ट माइट. अर्धा मिलिमीटरसुद्धा नसलेला हा जीव आपल्या कातडीचा गळालेला कोंडा खातो, आणि त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेचा. मुक्काम गादीत आणि उशीत. सहा वर्षं मी शेंगदाण्यांना हद्दपार करून रोज चोराच्या अंगावर डोकं टेकवून झोपत होतो.

"म्हणजे झाडझूड मला वर्ज्य!" माझा आनंद लपेना.

"चादरी, अभ्रे दर आठवड्याला धुवा. पाणी ६० अंशांचं हवं," डॉक्टर म्हणाले.

"ओल्या चादरीतून धूळ उडत नाही ना?" बायकोने विचारलं.

"छे, अजिबात नाही."