कोचला श्रेय दिलं म्हणून खेळाडूचं कमी होत नाही

नमस्कार,

अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांच्या बास्केटबॉल कोचेसवर मी लिहिलेल्या लेखाला तुम्ही इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही स्वतः विद्यापीठाच्या संघातून खेळलेले आहात, त्यामुळे तुमचा राग कुठून येतो ते कळतं. उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मॅच खेळाडू जिंकतात, कोच बाकावर बसून असतो, आणि माझा लेख म्हणजे कोचची आरती आहे. अर्ल मन्रोसारखा खेळाडू मिळाला तर कुणीही चॅम्पियन होईल. शिवाय हे सगळं दुय्यम दर्जाचं बास्केटबॉल, मुख्य खेळावर त्याचा काही परिणाम नाही. आणि शेवटी, छोट्या कॉलेजात कोचला विचारणारं कुणी नसतं. तो मुलांवर आपले प्रयोग करतो. उदाहरणं म्हणून तुम्ही ग्रिनेल कॉलेजची 'सर्कस' आणि जॉन मॅक्लेंडननी १९४४ मध्ये खेळवलेला गुप्त सामना दिलात.

'दुय्यम दर्जा' हा मुद्दा आधी घेतो, कारण तो मला अजिबात मान्य नाही. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला न्यूयॉर्क निक्सचा १९७३ चा विजेता संघ आठवा. विलिस रीड लुइझियानातल्या ग्रॅम्ब्लिंगचा. अर्ल मन्रो विन्स्टन-सेलमचा. डिक बार्नेट टेनेसी ए अँड आय या नॅशव्हिलच्या कॉलेजचा. फिल जॅक्सन नॉर्थ डकोटाचा, आणि वॉल्ट फ्रेझर सदर्न इलिनॉयचा. हे पाचही जण छोट्या कॉलेजांच्या गटात खेळून वर आले. फ्रेझर आणि जॅक्सन तर १९६५ मध्ये त्याच गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत एकमेकांविरुद्ध खेळले होते. नॉर्थ डकोटात जॅक्सनचे कोच होते बिल फिच. पुढे हेच फिच बॉस्टन सेल्टिक्सचे कोच झाले आणि १९८१ मध्ये एनबीए जिंकले. जॅक्सननी स्वतः कोच म्हणून ११ एनबीए विजेतेपदं मिळवली. याला दुय्यम म्हणायचं असेल तर मुख्य कशाला म्हणायचं?

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर बो रायन घ्या. विस्कॉन्सिनमधलं प्लॅटव्हिल हे डिव्हिजन तीनचं कॉलेज, म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची परवानगीच नाही. तिथे रायननी १९९१, १९९५, १९९८ आणि १९९९ अशी चार राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. पाचही खेळाडू सतत जागा बदलत राहतात, प्रत्येकाला पासही देता आला पाहिजे आणि बास्केटखालीही खेळता आलं पाहिजे, ही त्यांची 'स्विंग' पद्धत तिथेच घडली. २००१ मध्ये ते मोठ्या विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले तेव्हा तीच पद्धत बरोबर घेऊन गेले. २०१५ च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत त्यांच्या संघानं ३८ सामने न हरलेल्या केंटकी विद्यापीठाला हरवलं.

आता मुख्य मुद्दा. मॅच खेळाडू जिंकतात, हे खरंच आहे. पण तुम्ही हे गृहीत धरता की मॅच ठरलेली आहे, कोर्ट आहे, प्रतिस्पर्धी आहे, स्पर्धेत प्रवेश आहे, रात्री झोपायला हॉटेल आहे. मॅक्लेंडन ज्या मुलांना शिकवत होते त्यांच्यासाठी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. म्हणून त्यांच्याबद्दल जरा विस्तारानं लिहितो.

मॅक्लेंडन १९१५ मध्ये कॅन्ससमध्ये जन्मले. कॅन्सस विद्यापीठात ते शिकायला गेले तेव्हा बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ तिथे प्राध्यापक होते, आणि तेच त्यांचे मार्गदर्शक झाले. ज्यानं हा खेळ शोधला त्याच्याकडून मॅक्लेंडन तो शिकले, पण विद्यापीठाच्या संघात त्यांना खेळता आलं नाही. तो संघ फक्त गोऱ्यांचा होता. १९३६ मध्ये पदवी घेतल्यावर ते डरहॅमला, नॉर्थ कॅरोलिना कॉलेज या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात आले आणि १९४० मध्ये मुख्य कोच झाले.

त्या काळी बहुतेक संघ चेंडू हळूहळू फिरवायचे आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवून नेम धरायचे. मॅक्लेंडनच्या मुलांनी रिबाउंड, म्हणजे नेम चुकून परत आलेला चेंडू, मिळाल्या क्षणी धावायचं, आणि चेंडू गेला की संपूर्ण कोर्टभर प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर जायचं. फास्ट ब्रेक आणि फुल कोर्ट प्रेस. त्यासाठी सीझनच्या आधी ते मुलांना मैलोन्‌मैल पळायला लावत. आज फास्ट ब्रेकशिवाय बास्केटबॉलची कल्पना करता येत नाही. तो एकट्या मॅक्लेंडननी शोधला असा माझा दावा नाही. पण संपूर्ण खेळच त्या वेगावर उभा करणाऱ्या पहिल्या कोचेसमध्ये त्यांचं नाव घ्यावंच लागतं.

आता तो गुप्त सामना. १२ मार्च १९४४, रविवारची सकाळ, अख्खं डरहॅम चर्चमध्ये. डरहॅममधल्याच ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचा गोऱ्या विद्यार्थ्यांचा संघ आडवळणानं, गाडीत डोक्यावर जाकिटं ओढून, नॉर्थ कॅरोलिना कॉलेजच्या जिममध्ये आला. दारं आतून लावली. पंच होता, घड्याळ होतं, प्रेक्षक नव्हते. मॅक्लेंडनचा संघ ८८–४४ असा जिंकला. त्यानंतर दोन्हीकडच्या मुलांनी आपसात मिसळून आणखी एक सामना खेळला. माझ्या मते त्या दिवशीची सगळ्यात मोठी गोष्ट हीच. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाच्या बातमीदाराला कळलं होतं, पण त्यानं एक ओळ छापली नाही. ही हकीकत जगासमोर आली १९९६ मध्ये, स्कॉट एल्सवर्थ या इतिहासकारामुळे.

तुम्ही लिहिलंत, 'मुलांचा जीव धोक्यात घालून कोचनं आपली हौस भागवली.' धोका खरा होता, त्यात शंकाच नाही. त्याच वर्षी जुलैत, त्याच डरहॅममध्ये, बुकर स्पाइसली नावाच्या कृष्णवर्णीय सैनिकाला बसमधल्या जागेवरून झालेल्या वादात ड्रायव्हरनं गोळी घालून मारलं, आणि ज्युरीनं ड्रायव्हरला निर्दोष सोडलं. म्हणजे चूक झाली असती तर काय झालं असतं हे वेगळं सांगायला नको. पण 'कोचची हौस' हे मला पटत नाही. या सामन्याची ठिणगी कोचच्या डोक्यात पडलेली नव्हती. दोन्ही कॉलेजांतले काही विद्यार्थी वायएमसीए या ख्रिश्चन युवक संघटनेच्या बैठकांना गुपचूप भेटत असत. शहरातला सगळ्यात चांगला संघ कुणाचा, यावरून तिथे बोलणं निघालं. आव्हान विद्यार्थ्यांचं होतं. मॅक्लेंडननी दिवस, वेळ, कुलूप आणि मौन यांची व्यवस्था केली. कोचनं नाही म्हटलं असतं तर मुलं सुरक्षित राहिली असती, हे मान्य. पण ती मुलं रोज त्याच शहरात, त्याच बसमधून फिरत होती. कुठली सुरक्षितता त्यांच्याकडे होती, जी त्या एका सकाळी गेली असती?

आणि मॅक्लेंडनचं काम त्या सामन्यापुरतं नव्हतं. १९४६ मध्ये कृष्णवर्णीय कॉलेजांच्या सीआयएए या संघटनेची स्वतःची स्पर्धा सुरू झाली, ती उभी करणाऱ्यांत ते होते. ती स्पर्धा आजही भरते. कॅन्सस सिटीत छोट्या कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा व्हायची. १९३७ मध्ये ती सुरू करण्यात नेस्मिथही होते, पण त्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती. १९४७ मध्ये इंडियाना स्टेटच्या तरुण कोचनं याच कारणासाठी आमंत्रण नाकारलं. त्यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर हा कृष्णवर्णीय मुलगा होता. पुढल्या वर्षी बंदी उठली आणि वॉकर खेळला. त्या कोचचं नाव जॉन वूडन. पुढे लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात त्यांनी १० विजेतेपदं जिंकली, ती सगळ्यांना ठाऊक आहेत. वॉकरची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

खेळाडूंवरची बंदी उठली, तरी कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांना दार उघडायला १९५३ उजाडावं लागलं. १९५४ मध्ये मॅक्लेंडन टेनेसी ए अँड आयला आले. कॅन्सस सिटीचं आमंत्रण आलं तेव्हा त्यांनी अट घातली : बाकीचे संघ ज्या हॉटेलात उतरतील तिथेच माझी मुलं उतरतील, तिथेच जेवतील. अट मान्य झाली. त्यानंतर १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं. सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेता होणारा तो पहिला कॉलेज संघ. शेवटचा पास आणि शेवटची बास्केट खेळाडूंचीच. पण त्या हॉटेलच्या दारात आधी कुणीतरी उभं राहावं लागलं होतं, आणि छोट्या कॉलेजात ते काम करायला कोचशिवाय दुसरं माणूस नव्हतं. माझ्या लेखाचा सगळा जोर यावर होता.

तुमचा मन्रोचा मुद्दा. विन्स्टन-सेलमचे क्लॅरेन्स 'बिग हाउस' गेन्स १९४६ पासून १९९३ पर्यंत एकाच कॉलेजात होते आणि त्यांनी ८२८ सामने जिंकले. सुरुवातीला फुटबॉलचा संघही त्यांच्याकडेच होता आणि वर्गात शिकवणंही. १९६७ मध्ये त्यांचा संघ ३१ सामने जिंकला, फक्त १ हरला, आणि एनसीएए या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेचं बास्केटबॉल विजेतेपद मिळवणारं ते कृष्णवर्णीयांचं पहिलं कॉलेज ठरलं. त्या वर्षी मन्रोची सरासरी ४१.५ गुण होती. ती तुम्ही लिहिलीत. पण त्याच मुलाची पहिल्या वर्षाची सरासरी ७.१ होती. दुसऱ्या वर्षी २३.२, तिसऱ्या वर्षी २९.८. फिलाडेल्फियाच्या गल्ल्यांतून आलेला हा मुलगा पहिल्या दिवसापासूनच अफाट होता, यात वाद नाही. तरीही त्याला आधी थांबायला लावणं, आणि मग वेळ आल्यावर त्याच्या मनासारखं खेळू देणं, हे दोन्ही निर्णय कोणाचे? माझ्या मते दुसरा निर्णय जास्त अवघड होता. मन्रोचं गिरक्या घेणं, हवेत बेत बदलणं हे त्या काळच्या अनेक कोचेसना शिस्तभंग वाटलं असतं.

ग्रिनेलबद्दल तुमच्या-माझ्यात फार अंतर नाही. २० नोव्हेंबर २०१२ ला तिथल्या जॅक टेलरनं एका सामन्यात १३८ गुण केले, १०८ वेळा बास्केटकडे चेंडू फेकून. समोर एक अगदी लहान बायबल कॉलेज होतं. त्या कॉलेजच्या डेव्हिड लार्सननंही त्याच सामन्यात ७० गुण केले, यावरून बचाव किती होता ते दिसतं. तो सामना मला आवडत नाही. एका मुलाच्या विक्रमासाठी बाकीच्यांनी चेंडू पुरवत राहायचं, हे खेळाच्या विरुद्ध आहे. पण त्या एका रात्रीवरून डेव्हिड आर्सेनॉचं काम मोजू नका. १९८९ मध्ये ते आयोवातल्या या छोट्या कॉलेजात आले तेव्हा संघ वर्षानुवर्षं हरत होता. त्यांनी पाच-पाच मुलांच्या तुकड्या केल्या. एक तुकडी साधारण मिनिटभर जीव तोडून प्रेस करते, मिळेल तेव्हा तीन गुणांचा फेक घेते, आणि सगळे पाच जण एकदम बदलतात. परिणाम असा की पंधरा मुलं खरोखर खेळतात. शिष्यवृत्ती नाही, पुढे व्यावसायिक खेळाची आशा नाही, अभ्यास कडक. अशा ठिकाणी बाराव्या-तेराव्या क्रमांकाच्या मुलानं चार वर्षं बाकावर का बसावं, या प्रश्नाला आर्सेनॉनी दिलेलं हे उत्तर आहे. तुम्ही मुलांना 'यंत्राचे भाग' म्हणालात. मला उलट वाटतं. बाकावर सडणारी मुलं वाचली.

कोचच्या सत्तेबद्दल मात्र तुम्ही जे लिहिलंत ते मी गंभीरपणे घेतो. एकाच कॉलेजात चाळीस-पन्नास वर्षं राहिलेल्या माणसाला प्रश्न विचारणं कठीण होतं. फिलाडेल्फियाचे हर्ब मॅगी १९६७ पासून २०२२ पर्यंत ज्या कॉलेजात स्वतः खेळले तिथेच कोच होते, १,१४४ विजय. इतक्या काळात प्राचार्य बदलतात, कोच बदलत नाही. चांगला माणूस असेल तर ते कॉलेजचं भाग्य, वाईट असेल तर पिढ्या भरडल्या जातात. डिव्हिजन तीनमध्ये निदान एवढं बरं की शिष्यवृत्तीच नसल्यामुळे मुलगा संघ सोडूनही कॉलेजात राहू शकतो, फी भरण्याचा आधार जात नाही. डिव्हिजन दोन आणि एनएआयए या छोट्या कॉलेजांच्या वेगळ्या संघटनेत तसं नाही. यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा आणि तो मी लिहीन.

राहिलं श्रेय. तुम्हाला वाटतं मी खेळाडूंच्या वाट्याचं कोचला दिलं. इतिहासात काय घडलं ते पाहा. मॅक्लेंडन १९७९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेले, पण 'योगदान' या सदरात. कोच म्हणून त्यांची निवड व्हायला २०१६ उजाडलं, तेव्हा त्यांना जाऊन सतरा वर्षं झाली होती. आणि ज्या तीन विजेत्या संघांना देश विसरला होता, त्यांच्यासाठी कोण झगडलं? डिक बार्नेट. तिन्ही वर्षं खेळलेला, निक्सबरोबर दोनदा एनबीए जिंकलेला. टेनेसी ए अँड आयच्या त्या संघांना हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळावी म्हणून तो कित्येक वर्षं मागे लागला होता, आणि २०१९ मध्ये ती मिळाली. त्याची स्वतःची निवड त्यानंतर पाच वर्षांनी, २०२४ मध्ये झाली.