इग्वाना खातो म्हणून तुम्ही खाऊ नका

आत्या पुढच्या महिन्यात कॅरिबियन बेटांवर चालली आहे. मुलगा नेतोय, आठ दिवस, मुक्काम अगदी किनाऱ्याला लागून. काल तिने मला एक फॉरवर्ड पाठवला, ‘बेटावर निसर्गाचा मनमुराद आनंद कसा लुटाल’, आणि खाली स्वतःची ओळ जोडली: ‘बघ, फळं तर फुकटच मिळतात!’ हाच मेसेज आधी तीन ग्रुपांवर येऊन गेला होता, तेव्हा मी दुर्लक्ष केलं. आता आत्याने त्याची प्रिंट काढून पर्समध्ये ठेवली आहे म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा जसाच्या तसा देतो: ‘बेटावरचं जे फळ पक्षी-प्राणी खातात ते माणसाला शंभर टक्के सुरक्षित.’

शंभर टक्के! कॅरिबियन किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं झाड वाढतं. एरंडाच्या कुळातलं. पान तोडा, फांदी मोडा, दुधासारखा चीक येतो. शेराचा चीक डोळ्यात गेला की काय होतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं समजलंच असेल. फळ हिरवट-पिवळं, लहानशा सफरचंदासारखं, आणि चवीला गोड. स्पॅनिशमध्ये त्याला ‘मरणाचं छोटं सफरचंद’ म्हणतात. मध्य अमेरिकेतला काळा, काटेरी शेपटीचा इग्वाना (एक मोठा सरडा) मात्र हेच फळ खातो आणि त्याच झाडावर मुक्कामही ठोकतो. म्हणजे मेसेजच्या हिशेबाने फळ पास.

माणसाचं काय होतं, तेही छापून आलेलं आहे. टोबॅगो बेटावर सुट्टीला गेलेल्या एका ब्रिटिश रेडिओलॉजिस्ट बाईंनी किनाऱ्यावर पडलेलं हे फळ चावून पाहिलं. सोबतच्या मैत्रिणीनेही पाहिलं. त्यांनी हा अनुभव 2000 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये स्वतः लिहिला. पहिला घास गोड आणि रसाळ लागला. मग मिरीसारखी चुणचुण, मग जळजळ, मग घसा आवळत गेला. दोनेक तासांत घन पदार्थ गिळणं जवळजवळ अशक्य, घशात मोठा गोळा अडकल्यासारखं. उतार पडायला आठ तास गेले आणि मानेतल्या गाठी दुखत राहिल्या. तिथल्या लोकांना हे सांगितलं तेव्हा ते हादरलेच. या बाई डॉक्टर होत्या आणि त्यांनी एकच घास खाल्ला होता. आत्या फळं पिशवीत भरून आणायच्या बेतात आहे.

बरं, खायलाच हवं असंही नाही. पावसात या झाडाखाली उभं राहिलं तर पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यातून चीक अंगावर येतो आणि फोड उठतात. लाकूड जाळलं तर धूर डोळ्यांना बाधतो. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो किंवा पाटी लावलेली असते. ती सजावट समजून खाली चटई अंथरू नये.

आणि मुळात हा नियम सुचलाच कसा? पोपट मिरच्या मिटक्या मारत खातो, कारण मिरचीतला तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही. पोपटाने खाल्ली म्हणून कुणी मूठभर मिरच्या तोंडात टाकतं का?

दुसरा मुद्दा कासवांचा: ‘अंड्यातून निघालेल्या पिल्लांना टॉर्चने समुद्राची वाट दाखवा.’ नेमकं उलट. रात्री पिल्लं क्षितिजाच्या उजळ बाजूकडे, म्हणजे मोकळ्या समुद्राकडे, सरकतात. तुमचा टॉर्च त्यांना जमिनीकडे वळवतो. टॉर्च बंद, मोबाईल खिशात, आणि लांब उभं राहायचं. बास.

‘नक्षीचे शंख दिसताच खिशात टाका’ हा तिसरा सल्ला. हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर नक्षीदार शंकूच्या आकाराच्या शंखात विषारी गोगलगाय राहते. तिचा दंश जिवावर बेतू शकतो आणि त्यावर प्रतिविष नाही. रिकामे शंखही तिथेच राहू द्या, खेकडे त्यात घर करतात.

सनस्क्रीनचं थोडं मान्य करावं लागेल, नाइलाजाने. काही सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळाला हानिकारक असल्याचं मेसेजात म्हटलंय. याच भीतीपोटी हवाईने अशा दोन रसायनांच्या सनस्क्रीनची विक्री 2021 पासून थांबवली. इथपर्यंत ठीक. पण पुढे ‘त्याऐवजी खोबरेल तेल चोपडा’? त्याने ऊन अडत नाही, चामडी भाजते. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, टोपी घाला.

शेवटचा सल्ला, माशांना पाव खाऊ घालण्याचा. पॅरटफिश हा रंगीत मासा पोपटासारख्या चोचीने प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खातो. शेवाळाबरोबर पोटात गेलेला प्रवाळ दळून वाळू होऊन बाहेर पडतो. एक मोठा मासा वर्षाला क्विंटलमध्ये मोजावी इतकी वाळू करतो, आणि ज्या पांढऱ्या वाळूवर आत्या फोटो काढणार आहे त्यातली बरीचशी अशीच आलेली असते. त्याला पावावर लावलं तर शेवाळ कोण खाणार? आत्याला पोहता येत नाही, पण काचेच्या तळाच्या बोटीत बसून हे खरवडणं तिला सहज पाहता येईल. पाण्याखाली डोकं घातलेल्यांना तर त्याचा कुरकुर आवाजही येतो, तो ऐकायचं काम तिच्या मुलाकडे देऊन टाकलंय.