पायथन ‘७२ पट स्लो’ आहे म्हणून सोडायचं?

ठाण्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुप्सवर एक तक्ता फिरतोय. त्यात प्रोग्रामिंगच्या भाषांना लागणारा वेळ सीच्या तुलनेत दिलाय: वरती सी १.००, तळाजवळ पायथन ७१.९०. खाली मजकूर: ‘पायथन ७२ पट स्लो. क्लासवाले फसवतात. आजच सोडा, सी++ शिका.’ आमच्या सोसायटीतली डिप्लोमाची एक मुलगी परवा गेटवर थांबवून विचारत होती, “दादा, माझे सहा महिने फुकट गेले का?” म्हणून हे लिहायला बसलो.

आधी आकडा. तो खोटा नाही. २०१७ साली पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २७ भाषांमध्ये १० छोटे प्रोग्राम चालवून वीज, वेळ आणि मेमरी मोजली, त्यातला तो आहे. पण त्याच तक्त्यात जावास्क्रिप्ट ६.५२ आणि टाइपस्क्रिप्ट ४६.२० आहे, हे मेसेज पाठवणाऱ्यांनी पाहिलं का? टाइपस्क्रिप्टचा कोड चालण्याआधी जावास्क्रिप्टमध्येच बदलला जातो! मग सातपट फरक कुठून आला? मुख्यतः एकाच प्रोग्राममुळे. दोन्ही भाषांत तो अगदी वेगळ्या पद्धतीने लिहिलेला होता. म्हणजे मोजले गेले ते प्रोग्राम, आणि शिक्का बसला भाषेवर.

साधा लूप, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा कोड, पायथनमध्ये सीपेक्षा कित्येक पट हळू चालतो, हे मात्र मान्यच करायला हवं. सीमधला पूर्णांक सहसा ४ बाइटचा. पायथनमध्ये साधा १ सुद्धा २८ बाइटची वस्तू असतो, आणि प्रत्येक बेरजेआधी ‘हा कोणता प्रकार?’ हे तपासावं लागतं.

‘भाषा बदलली की प्रोग्राम पळतो’ हा दुसरा दावा, आणि याचाच मला जास्त राग येतो. ऐरोलीच्या माझ्या ऑफिसात एक रिपोर्ट चाळीस मिनिटं घ्यायचा. सगळं सी++ मध्ये नव्याने लिहायचं जवळपास ठरलंच होतं. कोड उघडला तर दोन याद्या, प्रत्येकीत तीन लाख ग्राहक क्रमांक, आणि पहिल्या यादीतल्या प्रत्येक क्रमांकासाठी दुसरी यादी पहिल्यापासून चाळली जात होती. तीन लाख गुणिले तीन लाख, म्हणजे ९,००० कोटींपर्यंत तुलना. दुसऱ्या यादीचा सेट केला, म्हणजे क्रमांक आहे की नाही हे सगळी यादी न चाळता कळतं. एक ओळ बदलली. तेवढा भाग सेकंदाच्या आत आटोपला. सी++ मध्ये तोच शोध काही मिनिटांवर आला असता खरा, पण याद्या दुप्पट झाल्या की वेळ पुन्हा चौपट.

‘एआयवाले पायथन वापरतात म्हणून त्यांना एवढी मशिन्स लागतात’ हेही त्याच मेसेजात आहे. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीचा गाभा सीमध्ये लिहिलेला आहे, आणि एआय मॉडेलचे मोठे गुणाकार जीपीयूवर, म्हणजे एकाच वेळी खूप आकडेमोड करणाऱ्या चिपवर होतात. पायथन फक्त कामं सांगतो.

ब्राउझर, गेम इंजिन किंवा छोट्या चिपवरचा कोड लिहायचा असेल तर सी, सी++, रस्ट शिकावंच लागेल, आणि मनापासून शिकावं. पण त्यासाठी पायथन टाकून द्यायची गरज नाही.

गेटवर भेटलेल्या त्या मुलीला मी सीप्रोफाइल (cProfile) हे टूल दाखवलं. कोणत्या फंक्शनला किती वेळ लागतो ते हे सांगतं आणि पायथनसोबतच येतं. तिच्या प्रोजेक्टचा बहुतेक वेळ एकच फाइल लूपमध्ये पुन्हा पुन्हा उघडण्यात जात होता. तिने ती ओळ लूपच्या वर नेली आणि पुन्हा रन केलं.